दुसरा ब्रेक

सव्वीस वर्षं डाव्या सीटवर बसून
मी बायकांना गाडी शिकवली.
बिबवेवाडीतून निघायचं, गंगाधामचा चढ,
लुल्लानगरला हाफ क्लचवर थांबायचं,
मागचा टेम्पोवाला हॉर्न देवो नाहीतर शिव्या.
माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असायचा.
ओसवालांच्या धाकट्या सुनेला तो कधी कळलाच नाही.
तिला वाटे, गाडी आपणच थांबवली.
मीही सांगितलं नाही.

मग गुडघे गेले. गाडी भाच्याला दिली.
आणि घरात ही आली, चिमटी,
मार्केटयार्डात गुळाच्या ढेपांमागे सापडलेली,
तीन पाय पांढरे, चौथा जुन्या ऑइलमध्ये बुडवल्यासारखा.

म्हटलं, शिकवू. त्यात काय नवीन आहे मला?
वाळूचा ट्रे तिनं तिसऱ्या दिवशी पत्करला
(गवती चहाची कुंडी मात्र अजून तिचीच).
प्रश्न ओट्याचा.
मी 'अं हं' म्हणते, त्याच आवाजात,
ज्यानं सिग्नल तोडायला निघालेल्या नलावडे बाई
जागच्या जागी थिजायच्या.
चिमटी थिजत नाही.
एक पंजा ओट्यावर ठेवते, माझ्याकडे बघते,
दुसरा ठेवते, बघते,
आरसा बघून लेन बदलावी तशी.
एवढं तर माझ्या एकाही बाईला जमलं नव्हतं.

आणि माझा पाय आपोआप दाबला जातो.
खाली काही नसतं.
फरशी असते, गार.

वरच्या मजल्यावरचा इरफान म्हणतो,
मावशी, ओरडून मांजर शिकत नाही.
बरोबर वागली की खाऊ द्या. लगेच.
लगेच म्हणजे लगेच, चहा गाळून झाल्यावर नाही.
आणि तोंडानं 'छान' म्हणा.

छान.
सव्वीस वर्षांत हा शब्द वापरल्याचं आठवत नाही.
चुकलं की बोलायचं,
बरोबर आलं की पुढचा गिअर.
आता गाऊनच्या खिशात सुकट घेऊन हिंडते,
भाजीवाला नाक मुरडतो,
आणि ओट्यावरून उतरणाऱ्या एका शेपटीला
मी दिवसातून वीसदा छान म्हणते.
सुरुवातीला जीभ अडखळायची,
थंडीत गाडी पहिल्या स्टार्टरला धरत नाही तशी.

परवा दुकानापुढे, उतारावर,
ओसवालांची सून गाडी मागे घेत होती.
दोन स्कूटरच्या मधे, हातभर जागेत,
एका दमात लावली.
मी काच वाजवली. म्हटलं, छान.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
डोळे भरल्यासारखे झाले, की ऊन होतं, कोण जाणे.
सवयीनं माझा हात खिशात गेला
आणि वेळेवर आठवलं:
आत सुकट आहे, आणि समोर ओसवाल.

घरी आले तर चिमटी ओट्यावर,
दुधाच्या पातेल्याशेजारी, पाय दुमडून.
मी काहीच बोलले नाही. दारातच उभी राहिले.
तिनं एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्या खिशाकडे,
आणि उतरली.
मला वाटलं, मीच उतरवली.