श्वास मोजायची खोली

रूवीत, इस्पितळाच्या मागच्या अंगाला
माझं स्वयंपाकघर. इथे मीठसुद्धा काट्यावर.
'चिमूटभर' हा शब्द मी पहिल्याच दिवशी
चपलांसोबत दाराबाहेर काढून ठेवला.

रोज दोन ताटं.
तोडणकरांच्या ताटात सगळं आहे, पण पाऊणच.
दिलावर मुकादमचं पोटभर,
फक्त अंडं नाही, मासळी नाही, तिळाची चटणी नाही.
मेथिओनिन नावाचं एक बारकं आम्ल,
पोटात गंधक घेऊन हिंडणारं,
त्याला उंबऱ्यावरच थोपवलंय.
"मत्र्याला सुरमई उतरली असेल ना, बाई?"
मी म्हणते, जेव.

मग काचेच्या खोलीत एक अख्खा दिवस.
एक नळी हवा आत नेते, दुसरी बाहेर आणते,
मधल्या फरकावरून कळतं
कोण किती जळला.

तिसऱ्या आठवड्यात तोडणकरांची चूल मंदावली.
बाहेर सत्तेचाळीस अंश
आणि हा माणूस गोधडी मागतोय.
देह जुना कारभारी,
आवक घटली की आधी माजघरातले दिवे मालवतो.

दिलावरचं उलटंच.
एक अक्षर गळालेलं पत्र
लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचावं,
तसं त्याचं यकृत रात्रभर कुणाला तरी हाका मारतं.
खातो तितकंच, जळतो जास्त,
पट्ट्याला नवं भोक.

डॉक्टर रय्या आलेखावर बोट ठेवून हसतात.
मीही हसते, मला आलेख आवडतात.

तोडणकर मात्र पेल्यातलं पाणी हलवत म्हणाले,
"ह्यात नवीन काय, बाई?
घालाच्या कॅम्पात चौदा वर्षं
रात्रीचं जेवण गाळून गुहागरला स्लॅब घातला.
थंडी तेव्हाही वाजायची.
वाटायचं, एसी."

तक्त्यात ह्याला रकाना नव्हता.

शेवटच्या दिवशी दोघांना भरलेली ताटं.
दिलावरनं संध्याकाळी मत्र्याहून फोटो पाठवला,
नुसते काटे, आणि खाली अंगठा.

तोडणकरांनी पाऊण खाल्लं,
हात धुतले, बडीशेप घेतली, गेले.
उरलेलं मी सवयीनं काट्यावर ठेवलं.
एकशे ब्याऐंशी ग्रॅम.
लिहूनही ठेवलं,
माझ्याच वाणसामानाच्या यादीखाली,
जिरं आणि साबणाच्या नंतर.