शेरा : निरंक

चौतीस वर्षं मी जमीन मोजली.
चोपडा, यावल, मधली तीन वर्षं शिरपूर.
तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे.
नंतर तिपाईवरचं यंत्र आलं,
त्याला मी शेवटपर्यंत "ते" म्हणत राहिलो.
बडगुजर हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं,
गाव म्हणायचं, "मोजणी आली."
मोजणी आली की भाऊ भावाकडे बघत नसे,
चहा दोन घरांतून वेगवेगळा येई.
मी दोन्ही प्यायचो. नाहीतर पक्षपात.

निवृत्तीनंतरच्या डिसेंबरात
पहिली गोष्ट लिहिली, ती अशी सुरू झाली :
"सदर ससा हा गट नंबर एकशे बाराच्या
उत्तरेकडील बांधालगत राहणारा असून..."
शेजारच्या सायबू तडवीची हसीना, इयत्ता चौथी,
पोट धरून हसली.
"आप्पा, ससाले नोटीस दी ऱ्हायनात का?"

"सदर" खोडायला आठ दिवस लागले.
"असून" जायला महिना.
केळीची पिलं कापावीत तसा
रोज सकाळी एकेक शब्द कापतो,
दुसऱ्या दिवशी तो बुडाशी पुन्हा हजर.
इंदू भरिताची वांगी भाजता भाजता म्हणते,
"ह्या वयात ससे?"

खरं तर ससा हा बहाणा होता.

सत्त्याण्णवचा मे, अनेरकाठचं एक गाव.
नाव सांगत नाही, सवय.
दोन भाऊ, साडेसात एकर, मधोमध विहीर.
साखळी हाताला चटके देत होती.
मी विहिरीच्या कठड्यावर चुन्याची रेघ ओढली,
पूर्वेकडची याची, पश्चिमेकडची त्याची.
बांधावर एक मुलगी, सात-आठ वर्षांची,
एका पायात चप्पल, दुसरी हातात.
"आनि पानीमा दगड कसा रोवशात?"

कुणी हसलं नाही.
शिपायानं तिला हाकललं.
मी फॉर्म पुढे ओढला.
अर्जदार, लगतधारक, पंच, चतुःसीमा,
सगळ्यांना रकाना होता.
शेवटचा शेऱ्याचा.
त्यात लिहिलं : निरंक.
खाली सही, तारीख.

तोच दगड आता माझ्या गोष्टीत
रात्री जागचा उठतो,
कुल्ले झटकतो, विहिरीत उतरतो,
पाण्याची हद्द शोधत.
बेडूक पंच म्हणून सह्या करतात,
सही वाळत नाही, पुन्हा करतात.
सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत वाचून दाखवली
तेव्हा मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं,
"मंग त्याले वर कोन काढी?"
हे मला सुचलंच नव्हतं.
म्हटलं, जागेवर जाऊन बघावं लागेल.
पोरं हसली. मी खरंच बोललो होतो.

पुस्तक चोवीस पानांचं, छपाई जळगावला.
चित्रातल्या साखळीला चौदाच आणे निघाले.
दोनदा मोजले.
फोन हातात घेतला, ठेवून दिला.

अर्पणपत्रिकेसाठी त्या शेताचा जुना सातबारा काढला.
बाप होता, काका होता,
सोसायटीचा बोजा होता,
आंब्याची दोन झाडंसुद्धा नोंदलेली.
ती नव्हती.
आता ती पस्तिशीची तरी असेल,
कुठल्या गावात, कुणाच्या नावाखाली,
ते मोजणीनं सापडत नाही.

प्रेसवाला म्हणाला, "नाव काय टाकू, आप्पा?"
म्हटलं, नाव मी विचारलं नव्हतं.
"मग पान रिकामं दिसेल."
म्हटलं, तिथं चप्पल काढा.
एकच. लहान मापाची.
अंगठा तुटलेली.