वऱ्हाडातला र

गांधीबागेत, कापडाच्या गल्लीमागे,
पौनीकरांच्या छापखान्यात
मी एकवीस वर्षं लग्नं लावते.
म्हणजे पत्रिका जुळवते.

ज्या सॉफ्टवेअरवर जुळवते ते फार महाग, म्हणतात.
आम्ही ते कधी विकत घेतलं नाही.
इतवारीतल्या एका पोराने साठ रुपयांच्या सीडीत आणलं,
वर स्केचपेनने लिहिलेलं : तारीख मागे ठेवा.
म्हणून आमच्या कॉम्प्युटरवर
कायम दोन हजार नऊचा मार्च,
आणि बाहेर मे.

मग कुणाचा तरी फोन आला, लायसन्स विचारणारा.
मालक म्हणाले, "सुगंधाबाई, शटर पाडून टाकू का जी?"
त्यांचा भाचा अंशुल हसला.
"मामा, फुकटचं हाय ना एक.
चोरीचं नाही, फुकटचं. दोघांत फरक असते."
"फुकट त काऊन देऊन राहिले बे ते?
त्यायचं पोट कशावर चालते?"
याचं उत्तर अंशुलला आलं नाही.
मला अजून आलेलं नाही.

पहिल्या दिवशी बटणंच सापडेनात.
नव्या घरात रात्री दिव्यासाठी भिंत चाचपावी
तशी बोटं फिरत राहिली.
मी दोनदा रडले, एकदा शिवी दिली.
तिसऱ्या दिवशी टाईप केलं :
समस्त वऱ्हाडी मंडळी.

आणि तो र!
महागड्यात तो कायम रफार होऊन
ह च्या डोक्यावर जाऊन बसायचा.
दर पत्रिकेत मी तो खरवडायची,
दुसऱ्या फॉन्टातून तुकडा आणून जोडायची,
ठिगळ दिसू नये इतक्या बेताने.
तो र आज आपणहून वाकला,
पापणी मिटावी तसा
ह च्या शेजारी टेकला.
किती लोकांना लागतो हा र? आम्हालाच.
कंपनीच्या हिशोबात तेवढ्यात काय बसणार.
इथे मात्र त्याच्यासाठी कुणीतरी जागलं होतं.

इथेच थांबता आलं असतं तर बरं.

कुंभलकरांच्या पाचशे पत्रिका
मशीनवरून विटकरी उतरल्या.
पडद्यावर कुंकू, कागदावर कौल.
कुंभलकर काही बोलले नाहीत,
एक पत्रिका उन्हात धरून पाहत राहिले.
कागदाचे अर्धे पैसे माझ्या पगारातून गेले.
लाल रंग महागड्याला येतो.
येतो म्हणजे येतोच. खोटं कशाला बोलू.

अंशुल म्हणाला, बनवणाऱ्यांना कळवा.
मी दारातल्या पाणपोईकडे पाहत बसले.
ओल्या फडक्यातले दोन रांजण, सेहेचाळीस डिग्री.
कोपऱ्यावर सीलबंद बाटली मिळते, वीस रुपयांना,
आणि ती रोज सारखीच लागते.
रांजणाचं तसं नाही.
मोतीरामजी भरायचे तेव्हा आत वाळा असे,
बाटलीवाला स्वतः इथे प्यायला यायचा.
ते गेले त्या उन्हाळ्यात तळाशी शेवाळ दिसे,
आणि जो तो म्हणे,
कुणीतरी घासायला पायजे.

मी कळवलं. मोडक्या इंग्रजीत,
कुंकवाचा आणि कौलाचा फोटो जोडून.
अकरा महिन्यांनी एक ओळ आली :
तुमची लिपी मला वाचता येत नाही,
पण रंग समजला. बघतो.
खाली नाव होतं.
ते मला वाचता आलं नाही.

तो अजून बघतोच आहे.
तोवर लालापुरतं महागडं चालतं,
आता रीतसर, महिन्याच्या भाड्याने,
एक तारखेला पौनीकर कण्हतात.
बाकी सगळं फुकटच्यावर.

आज लवकर आले. रांजण उपडे केले,
काथ्याने घासले, भरले.
पहिला आला तो हातगाडीवाला.
दोन पेले प्यायला, मिशी पुसली.
विचारलं, कसं हाय?
म्हणाला, "थंड हाय बाई.
जराशी मातीची चव लागून राहिली."