घडीवाल्याचा शिधा

खाकी लिफाफा मंगळवारी आला,
न्यायाधीशांच्या वेतन आयोगाचा.
कोर्ट उठल्यावर मॅडमनी तो फोडला
आणि प्रश्नावली माझ्यापुढे सरकवली :
कापगते, जेवढं माहीत आहे तेवढं भरा.

घरभाडं. भरलं.
वर्तमानपत्रं किती? दोन. एक दुपारच्या एसटीनं येतं.
काळा कोट धुण्याचा खर्च?
धुलाईवाला पैसे घेईना, त्याचा पुतण्या एका केसमध्ये,
म्हणून मॅडम आता घरीच धुतात. काय लिहू?
इमारतीची स्थिती : छत गळतं.
दुरुस्तीचा अर्ज बांधकाम खात्याकडे पडून.
बांधकाम खातं आमच्याच बोर्डावर, अनुक्रमांक सात,
प्रतिवादी.

शेवटचा रकाना : आपल्या मते वेतन किती असावे?
मॅडमनी त्यावर आडवी रेघ ओढली.
स्वतःच्या प्रकरणात मीच कशी बसू, म्हणाल्या.

तिथं मला बाप आठवला.
डोमाजी कापगते, शंकरपटातला घडीवाला.
तळ्यामागच्या बांधीत, शेवटच्या खुंटाशी
तीन दिवस उन्हात उभा,
मुठीत घड्याळ, घड्याळावर अंगठा.
जेवण यायचं मोठ्या जोडीवाल्याच्या घरून.
एका वर्षी तो ताटावरून उठला :
"उपाशी मानसाचा अंगठा उशिरा दबते,
अन् दुसऱ्याच्या ताटावर बसला त्याचा लवकर.
मले किती लागते थे मी नाही सांगत.
जोडीवाल्यानं तं सांगूच नये."

गावानं मग बाहेरगावचे तिघं बोलावले,
ज्यांच्या गोठ्यात पटाचा बैल नाही :
एक रिटायर मास्तर, एक सुईण,
एक जाळं विणणारा ढिवर.
तिघंही आपापली शिदोरी बांधून आले.
त्यांनी बापाचं पोट नाही मोजलं, काम मोजलं,
किती तास, किती जोड्या, किती शिव्या.
पाच पायल्या तांदूळ, दोन पायल्या लाखोरी,
शेरभर जवसाचं तेल.
पटाच्या आधी घरपोच, नंतर नाही.
आणि कोणी हरला म्हणून
मूठभरही कमी करायचं नाही.

पुढच्याच साली लांजेवारांची जोडी
केसभरानं मागे पडली.
बापानं आकडा मोठ्यानं वाचला.
तांदूळ आधीच ढोलीत होता.

सरकारी वकील हसतात : अहो, तिजोरी तर शेवटी एकच ना!
खरं आहे.
तांदूळही लांजेवारांच्या बांधीतलाच होता की थोडा.
फक्त पायली त्यांच्या हातात नव्हती.

चहावाली देवकाबाई कप विसळता विसळता विचारते,
"अन् त्या आयोगवाल्यायचा पगार कोन ठरवते?"
मी हसलो. मग हसू आवरलं.
त्या सुईणीचा जावई
लांजेवारांकडे सालदार होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.
तिनं माप मारलं नव्हतं.
मारलं असतं तर कोणाला समजलं असतं,
मला सांगता येत नाही.

या लिफाफ्यात माझं नाव नाही.
मी निकाल लिहीत नाही, तारखा लिहितो,
माझा पगार सरकार ठरवतं
आणि माझ्यासाठी कोणी शिदोरी बांधून येत नाही.
राग येतो का? थोडा येतो.
तरी प्रश्नावली नीट अक्षरात भरली,
गोंद लावला, पोस्टात टाकली.

बुधवारी सात नंबर पुकारला.
सरकार पक्ष हजर.
पाऊस थांबला होता, छत अजून ठिबकत होतं,
मी बादली साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे सरकवली.
मॅडम आल्या, कोट सारखा करत बसल्या.
इस्त्री घरचीच,
कॉलरला एक चुणी राहिलेली.