अधिक-उणे

अहवाल तीन पानांचा.
शाहूपुरीतल्या दवाखान्यातून बाहेर पडलो
(आमच्यात बायकाही 'पडलो'च म्हणतात,
पुण्याच्या जावेला याचं फार हसू)
आणि स्कूटीची किल्ली हातात धरून
समोरच्या दुकानातले टायर मोजले.
एकतीस.

शशिकला धनपाल मगदूम, वय त्रेचाळीस.
खाली एक शब्द: स्वमग्नता.

हा शब्द मला पटत नाही.
स्वतःत मग्न व्हायला सवड कधी मिळाली?
बारशाला, सुपारी फुटताना, डोहाळजेवणात
मी दुसऱ्यांच्या भुवयांत बुडालेलो असायचो,
कुठल्या वळणावर हसायचं ते पाठ करत.
मग घरी येऊन न्हाणीत, दिवा न लावता.
कानात तासभर ताटं आदळत राहायची.

आई म्हणायची माणूसघाणी.
सासू म्हणायची शिष्ट.
उद्यमनगरात मात्र म्हणतात,
मगदूम बाईंनी पास केलेला माल परत येत नाही.
शतांश मिलिमीटरचा फरक
मला दाताखालच्या खड्यासारखा कळतो.
पण ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी
अधिक-उणे किती चालेल ते लिहिलेलं असतं.
माझ्याशेजारी कुणी लिहिलं नव्हतं.

धनपालनं अहवाल दोनदा वाचला.
"औषध?"
"नाही."
"मग?"
मला माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर चढला
आणि पंख्याची टकटक घालवली,
जी मी सतरा वर्षं सांगत आलो होतो.

रडू आलं ते फार उशिरा, गंगावेशीत,
दुधाचा पेला हातात, म्हशी शेजारी रवंथ करताना.
पाचवीतली एक मुलगी आठवली.
"डोळ्यांत बघून बोल," म्हटल्यावर
बाईंच्या कुंकवाकडे बघायला शिकलेली.
तीच युक्ती मी आजवर पुरवून पुरवून वापरली.
तिला कुणी शाबासकी तरी द्यायची.

राजारामपुरी, आठवी गल्ली, शिवणक्लासच्या वर
रविवारी चार-पाचजण जमतात.
पहिल्या रविवारी मी जिन्यात बसून परत आलो.
दुसऱ्याही.
तिसऱ्या रविवारी रेहाना मुजावर खाली आली,
दोन पायऱ्या सोडून, माझ्याकडे पाठ करून बसली.
काही विचारलं नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"वर ट्यूबलाइट बंद ठेवलीय."

वर बँकेतला किरणराज
गारगोटीच्या एसट्यांच्या वेळा सांगत होता,
पहाटेच्या पहिल्या गाडीपासून.
कुणी घड्याळ बघत नव्हतं.
कोपऱ्यातला मुलगा बोललाच नाही,
आणि त्याचं न बोलणं कुणी उचलून धरलं नाही.
मी शब्दाची तक्रार मांडली, स्व आणि मग्न, फोड करून.
रेहाना म्हणाली, "पडू दे तो शब्द तिथंच. चहा?"

नको, म्हणालो.
पित्त नाही, उपवास नाही, आत्ताच घेतला असं नाही.
नुसतं नको.
किटली पुढं गेली.