हाताचा शॉट

रविवारी ऑफिस उघडून दिलं मी पोरांना.
वॉचमनला त्यांनी शंभर दिले होते, ते मला मागाहून कळलं.
अकरा मिनिटांची फिल्म, कॉलेजच्या स्पर्धेसाठी,
विषय म्हणे नोकरीतली बढती आणि लाच.
बंदराकडची खिडकी हवी होती त्यांना,
माझं टेबल हवं होतं, आणि फायलींचा ढीग
जसा आहे तसा.

दिग्दर्शक मुलगी. खोबरेकर.
आडनाव कुठंतरी वाचलेलं,
बहुतेक डिझेल परताव्याच्या गठ्ठ्यात, खालून तिसरं,
लाल नाडी बांधलेलं.
मी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही.

हिरो कुडाळचा, मिशी नुकतीच फुटलेली.
वेंगुर्ल्याच्या धक्क्याकडे बघत त्याला म्हणायचं होतं,
‘एक दिवस साहेबाच्या खुर्चीत मी असेन.’
बर्फाच्या कारखान्याचा खडखडाट मध्ये यायचा,
चार वेळा म्हणावं लागलं. चौथ्यांदा
त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं असावं.
मी मागे पाण्याची बाटली धरून उभा.
त्याच्याएवढा असताना मीही म्हटलं होतं हेच, मनात,
पोस्टाच्या पायरीवर परीक्षेचा फॉर्म भरताना.
पुढे ओरोसहून या टेबलावर यायला
आईच्या पाटल्या गेल्या.
ते पोरांच्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

मग पाकिटाचा सीन.
पोरगा ड्रॉवर सताड उघडायचा,
पाकीट उचलून बघायचा, नाटकातल्यासारखा घाम पुसायचा.
टेक तीन. टेक पाच. पुठ्ठ्याची पाटी वाजत राहिली.
‘असा नाय रे,’ ती वैतागली, ‘चोर नाय तू, क्लार्क आसस.’

मी बाटली खाली ठेवली.

ड्रॉवर चारच बोटं उघडायचा,
आधी गुडघ्यानं दाबून, नाहीतर कुरकुरतो.
पाकिटाकडे बघायचं नाही. कॅलेंडरकडे बघायचं,
घरातल्या लग्नाचा मुहूर्त शोधत असल्यासारखं.
फाईल पुढे ओढली की तिच्या पोटाखालून ते सरकतं,
करंगळीनं आत.
‘बघतो’ म्हणायचं. ‘करतो’ कधीच नाही.
पैसे हा शब्द दोघांनीही काढायचा नाही.
पहिल्यांदा तर पैसे नव्हतेच, सुरमई होती,
पेपरात गुंडाळून दारात ठेवलेली,
आणि ठेवणारा माणूस ‘ताजी आसा’ एवढंच बोलून
सायकलवर बसला होता.

हे सगळं मी बोललो नाही अर्थात.
हातानं केलं.
खोली गप्प. माईक धरलेल्या पोराचा दांडा हळूहळू खाली आला.
‘काका,’ ती म्हणाली, ‘तुमचोच हात घेतंय.’
अंगठी काढू का, विचारलं.
नको म्हणाली.

फेब्रुवारीत कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली.
दरवाजाएवढा हात पडद्यावर,
पुष्कराज, नखातली शिक्क्याची शाई,
लहानपणी गळ घुसला त्याचा व्रण.
मागून कुणीतरी शिट्टी मारली.
कुंदा शेजारी. ती पडद्याकडे बघत नव्हती,
माझ्या मांडीकडे बघत होती,
तिथे तो हात शेंगदाण्यांची पुडी धरून बसला होता.
शेवटी नावं वर सरकू लागली,
कलाकारांत सगळ्यात खाली
हात : श्री. म. ना. परुळेकर.

आवडलं मला ते. खोटं कशाला बोलू.

जिन्यात ती भेटली. कशी वाटली काका?
म्हटलं, बाकी बरोबर. फक्त ड्रॉवरचा आवाज
तू नंतर घातलास ना, तो फार मोठा झाला.
खरा इतका वाजत नाही.

‘म्हायत आसा,’ ती म्हणाली,
आणि कॅमेऱ्याची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत
खाली उतरली.