दोनपैकी

बोर्डात गठ्ठे जमा केले, पावती घेतली,
पावतीवरची सही लागेना म्हणून परत रांगेत उभी राहिले.
मग पुलगेट.
बार्शीची गाडी साडेनऊची,
म्हणजे सव्वादहाची,
म्हणजे येईल तेव्हाची.

डबा दुपारीच संपला होता.
पोटात पाचचा चहा, आणि समोर
टायरच्या बंद दुकानाच्या पायरीला टेकून
निळ्या पत्र्याची टपरी.
एकच पिवळा दिवा. त्याच्याखाली धूर,
घरचाच असल्यासारखा सावकाश फिरणारा.

एकटी बाई रस्त्यात उभ्यानं खाते म्हटल्यावर
दोन रिक्षावाले वळून बघतात.
बघू देत.
दोनशे अठरा पेपर उतरवून आलेय मी,
आपल्याला खांदे आहेत हे आजच कळलंय.

पत्र्यावर रंगवलेलं : दस्तगिर कबाब.
गी दीर्घ हवी.
बोलले नाही. जीभ दुसऱ्या कामासाठी राखून ठेवली.

"कुठल्या गावच्या, ताई?"
"बार्शी."
"मग तिखटाचं विचारतच नाही."
त्यांची सासुरवाडी वैरागची निघाली.
एवढ्यावर एक कांदा जास्त चिरला गेला.

बोटं पाण्यात बुडवायची, खिमा सीखेवर दाबायचा,
बुडवायची, दाबायचा.
बोटांचे ठसे राहतात त्याच्या अंगावर,
निखारा ते ओळीओळीनं तपासतो.
भाचा पुठ्ठ्यानं वारा घालतोय,
पुठ्ठ्यावर छापलंय 'ही बाजू वर'
आणि त्यानं तो उलटा धरलाय.
चरबीचा थेंब पडला. चर्र.
कोळसा एकदा उसळला, मग गप.

फडक्यात धरून एका ओढीत
सीख मोकळी झाली.
लिंबू, पुदिना, कागद, हात.

थांबले नाही. टाळू पोळली.
आधी धूर, मग मीठ,
मग कुठून तरी मागच्या दारानं
आमच्याकडची काळी मिरपूड आली आणि
डोळ्यांत पाणी उभं करून निघून गेली.
"अजून एक लावा," मी म्हणाले,
स्वतःच्या आवाजाला जरा दचकले.

दुसरा संपत आला तेव्हा कागद दिसला.
घटक चाचणी. इयत्ता आठवी. विज्ञान.
ज्वलनासाठी काय काय लागते? गुण दोन.
खाली तिरकं, घाईचं अक्षर :
जळणारी वस्तू. हवा.
आणि तिथे बसून राहणारा माणूस.

तिसऱ्या ओळीवर लाल काट. बाजूला एक.

मीही एकच दिला असता.
आज सकाळपर्यंत तसे किती दिले
ते गठ्ठ्यात बांधून, लाखेनं बंद करून
नुकतीच देऊन आलेय.

"कुणाचा हा पेपर?"
"रद्दी आहे ताई, किलोनं येते."
नावाच्या जागी तेलाचा डाग,
आरपार दिवा दिसेल इतका.
पोरगा पुठ्ठा हलवत होता. झोप आली होती त्याला.
दस्तगीरभाई स्टुलावरून उठले नव्हते
संध्याकाळपासून, असं त्यांच्या पाठीवरून वाटलं.

लाल पेन पर्समध्ये होता.
बोटं तेलकट होती.
काही खोडलं नाही, वाढवलंही नाही.
कागदाची घडी घातली, पर्सच्या मधल्या कप्प्यात,
बोर्डाच्या पावतीला चिकटून.

गाडी दहा वाजून वीसला आली.
हडपसरच्या पुढे शेजारच्या बाईंनी
नाक जरा वर करून विचारलं,
"काय हो, काय नेताय एवढं वासाचं?"

पेपर, म्हटलं. तपासायचा राहिला होता एक.